मोटरघरापर्यंतची रेघ

रुक्मिणीला रेघ अर्धी सोडता येत नसे. ही सवय तिला सासूने लावली होती, आणि लावताना उलथण्याचा दांडा वापरला होता.

लग्न होऊन ती पारोळ्याकडच्या त्या गावात आली, त्या पहिल्याच श्रावणात घरी कानबाई, खानदेशातली श्रावणातली देवी, बसायची होती. चौरंगासमोर चौक भरायचं काम नव्या सुनेकडे आलं. अंगणातून कुणीतरी हाक मारली म्हणून रुक्मिणी उठली. रांगोळीची एक रेघ मध्येच राहिली. चुलीपाशी बसलेल्या सासूने, धुरपदाबाईने, ते पाहिलं. ती सावकाश उठून आली, सुनेला परत खाली बसवलं, तिचा उजवा हात जमिनीवर ठेवायला लावला आणि बोटांच्या पेरांवर दांडा हाणला.

"रेघ उघडी राह्यनी का देवी तठूनच माघारी जास," धुरपदाबाई म्हणाली. "घर बुडाडशी का मनं?"

त्या हाताचं मधलं बोट पुढे कधी नीट सरळ झालं नाही. पण त्या वाकड्या बोटाने रुक्मिणी जी रांगोळी काढी, ती पाहायला गल्ली जमे. रेघ सुरू झाली की संपल्याशिवाय हात वर उचलायचा नाही. मग दूध उतू जावो, पोर रडो.

पुढे नवरा, गोपाल, सुरतेला लूमवर कामाला लागला आणि सगळं बिऱ्हाड नवागामच्या एका पत्र्याच्या खोलीत आलं. लूमच्या खडखडाटात गोपालचे कान गेले, नंतर छाती गेली, नंतर तोही गेला. मुलगी नंदुरबारकडे दिलेली. खोलीत सासू आणि सून अशा दोघीच राहिल्या, ज्यांना एकमेकींशिवाय कुणी नाही आणि एकमेकींचं फारसं कौतुकही नाही, अशा.

म्हातारीचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. आधी भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. मग ती गोपालची वाट पाहत दारात बसू लागली. मग रुक्मिणीला ती आपली मेलेली जाऊ समजू लागली. पण एक गंमत होती. शिवी द्यायची वेळ आली की तिला सुनेचं नाव बरोबर आठवे. "रुखमे!" अशी हाक आली की समजायचं, आज म्हातारी शुद्धीवर आहे आणि आपलं काहीतरी चुकलेलं आहे.

मग ती चालू लागली. दार उघडं दिसलं की निघाली. एकदा डिंडोलीपाशी भुसावळच्या लाइनीवर, दोन रुळांच्या मध्ये, पदर डोक्यावर घेऊन शांत चाललेली सापडली. रेल्वेच्या माणसाने हाताला धरून आणून सोडली आणि रुक्मिणीलाच झापलं. त्यानंतर रुक्मिणी कामावर जाताना बाहेरून कडी घालू लागली, तर म्हातारी दिवसभर पत्र्याच्या दारावर हात आपटी.

खोलीची मालकीण प्रमिलाबाई लागूनच्या घरात वरच्या मजल्यावर राहायची. ती म्हणाली, "हाई खोली मी माणसेसले देयेल शे, ढोल बडवाले नई. एक तं म्हातारीले गप कर, नई तं दुसरी खोली देख."

"कोठे लयी जाऊ तिले?"

"ते मी काय सांगू? तुनी सासू शे."

रुक्मिणी तेव्हा डिंडोलीच्या पलीकडे, नहेराच्या, म्हणजे कालव्याच्या, अंगाला उभ्या राहिलेल्या एका नव्या विद्यापीठात झाडू मारायच्या कामाला होती. ठेकेदाराची माणसं. सकाळी हजेरी, संध्याकाळी सुट्टी. ती जमीन पूर्वी उसाची होती. ऊस गेला, विहीर बुजली, पण विहिरीवरचं मोटरघर तसंच राहिलं होतं. चार भिंती, वर स्लॅब, आत मोटर बसवायचा सिमेंटचा चौथरा आणि त्यातून वर आलेली लोखंडी कडी. मेसच्या मागे, बाभळीच्या झुडपाआड, कुणाच्या नजरेत न येणारं. आणि त्याच्या अगदी जवळ कंपाउंडच्या भिंतीला एक छिंडी होती, म्हणजे माणूस अंग चोरून आत येईल एवढी फट. नवागामच्या बायका तिथूनच ये-जा करत. मेन गेटने यायचं म्हणजे सगळ्या भिंतीला वळसा.

रुक्मिणी सासूला त्या छिंडीतून आत आणू लागली.

सकाळी म्हातारीचा हात धरून आणायची, मोटरघरात चौथऱ्यावर गोधडी घालून बसवायची. जुन्या लुगड्याची मऊ पट्टी घोट्याला बांधायची आणि दुसरं टोक लोखंडी कडीला. पाणी, भाकर आणि सोलायला शेंगा ठेवायच्या. पहिल्या दिवशी गाठ मारून झाल्यावर एक गोष्ट तिच्या लक्षात आली. आपण गाठ जरा जास्त घट्ट मारली होती. तिने ती सैल केली, कानबाईचं नाव घेतलं आणि झाडू उचलला. त्या घट्ट गाठीबद्दल ती कुणाशी बोलली नाही. देवीला सांगायची गरज नव्हती.

सगळ्या झाडूवाल्या बायकांना हे माहीत होतं. मुकादम भाईदासलाही ठाऊक असावं, पण न पाहिल्यासारखं करणं त्याला जमत असे. दुपारच्या सुट्टीत रुक्मिणी भाकर घेऊन मोटरघरात जाई. म्हातारी शेंगा सोलून टरफलं एका बाजूला आणि दाणे दुसऱ्या बाजूला नीट लावून बसलेली असे आणि दाणा एक खाऊ देत नसे.

"घरना माणसेसना करता शेतंस," ती म्हणे.

एवढंच ते सुख. पण चालू होतं.

मग विद्यापीठाला मोठं व्हायचं ठरलं.

येत्या वर्षांत मुलं दुप्पट होणार होती, इमारती वाढणार होत्या, आणि तरीही झाड तुटू नये, पाणी वाया जाऊ नये, गाड्या आत येऊ नयेत, असा एक आराखडा करायचा होता. तो करायला अमृता नावाची नगररचनाकार नेमली. सुरतेतल्याच अडाजणला वाढलेली, बँकेतल्या साहेबांची मुलगी, शिकायला बाहेर राहून आलेली. मराठी बोलायची. झाडूवाल्या बायकांना वाकून "मावशी" म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. तिचं म्हणणं असं, की कॅम्पस कसा वाढावा हे साहेबांच्या खोलीत ठरू नये. जी माणसं तिथे रोज चालतात त्यांना विचारावं.

म्हणून संक्रांतीनंतर एका सकाळी कार्यालयाच्या पोर्चमध्ये सगळ्या बायकांना बोलावलं. फरशी धुऊन ठेवली होती. कागद-पेन पाहून बायका आखडतात हे अमृताला माहीत होतं, म्हणून तिने रांगोळी आणली होती, रंगांच्या पुड्या भरून.

"मावशी, तुम्ही घरून निघता तिथपासून काढा," ती म्हणाली. "कुठून आत येता, कुठं काम करता, कुठं जेवता, कुठं टेकता. चूक-बरोबर काही नाही. तुमचा रोजचा रस्ता, एवढंच."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. उज्ज्वला म्हणून एक तरणी, जिभेची तिखट बाई होती. तिने पटकन मेन गेटपासून एक सरळ रेघ ओढली, शेवटी एक कमळ काढलं आणि हात झटकले.

"झालं माझं. मी गेटने येते आणि कमळात बसते."

पोर्चभर हशा झाला. भाईदासही हसला. मग उज्ज्वला रुक्मिणीच्या कानाशी वाकली. "सगळं नको दावू वं. कमळ काढ आनि उठ."

रुक्मिणीलाही तसंच करायचं होतं. पण फरशी ओली काळी होती, पुडी हातात होती आणि कितीतरी वर्षांत तिला एवढी मोठी जागा मिळाली नव्हती. खोलीत दारापुढे हातभर जागा, तीही प्रमिलाबाईची स्कूटर उभी राहीपर्यंत. तिने नवागामची खोली काढली. रेघ निघाली. नहेराच्या कडेने, वळली, छिंडीतून आत. रेघ एकसारखी पडत होती. बाकीच्या बायका आपलं काम सोडून पाहू लागल्या. रस्ते, हॉस्टेल, मेस, लिंबाखालचा पार, नळ, सगळं चिमटीतून उतरत गेलं. अमृता गुडघ्यांवर बसून फोनमध्ये टिपत होती आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

मेसच्या मागे रुक्मिणीचा हात थांबला.

रेघ तिथे उघडी पडली. पुढे नुसती काळी फरशी.

"इथून पुढे, मावशी?"

"काही नाही, ताई. इथंच."

पण तिने हात उचलला नव्हता. रेघ मागे वळवून मेसला जोडावी असं मनात आलं. पण तशी वळवली तर ती आधीच्या रेघेला कापून जाईल आणि चौक विस्कटेल. वाकडं बोट तसंच खाली राहिलं. सगळ्यांचे डोळे त्या बोटावर. उज्ज्वला खाकरली. रुक्मिणीला ऐकू आलं ते दुसरंच काहीतरी, त्या पहिल्या श्रावणातल्या चुलीकडून येणारं.

तिने रेघ पुढे नेली. झुडपाच्या आडून मोटरघरापर्यंत नेऊन मिटवली. चौकोन काढला. आणि चौक रिकामा ठेवत नाहीत म्हणून त्यात दोन पावलं काढली, लहान, एकाशेजारी एक.

"ही पावलं कुणाची?" अमृताने विचारलं.

"मन्या सासूनी," रुक्मिणी म्हणाली. आणि मग सांगून टाकलं. सगळ्यांसमोर, भाईदाससमोर.

थोड्या वेळाने मोठे साहेब आले. त्यांनी रांगोळ्या पाहिल्या, "खूब सरस" म्हणाले, आणि जवळून पाहायला पुढे सरकले तेव्हा बुटाखाली नवागाम गेलं. फोटो झाले. साहेब गेल्यावर भाईदासने टाळी वाजवली.

"चालो बेनो, आ बधुं साफ करी नाखो."

ज्यांनी काढल्या त्यांनीच झाडल्या.

होळीच्या आधी मोटरघराला कुलूप लागलं. तिथे पावसाचं पाणी साठवायचं तळं होणार होतं. आठवडाभरात ते पाडलंही. मग गवंडी आले आणि छिंडी विटांनी बंद केली, वर गुळगुळीत गिलावा, भिंतीच्या माथ्यावर काटेरी तार. आराखड्यात त्याला काहीतरी चांगलं नाव होतं.

"रुखमाबेन, तमे तो भारे करी!" भाईदास म्हणाला. "साहेब लोकांना चोर-रस्ता कोणी सांगतं? माझ्यावर पण आलं. म्हणे, मुकादम काय झोपतो काय?"

बायकांनी त्याच्याएवढंही बोलणं ठेवलं नाही. आता सगळ्यांनाच वळसा पडत होता. उशीर झाला की हजेरी जात होती. दुपारी लिंबाच्या पारावर रुक्मिणी टेकली, की डबे सरकत. एकदा तिच्याकडे न पाहता उज्ज्वला म्हणाली, "रांगोळीवाल्या बाईले सांगा, आते आम्हाले पंख काढी दे. भित वरथून उडी येसूत."

सगळ्या हसल्या. रुक्मिणीने भाकर तशीच बांधून ठेवली.

तिने सासूला मेन गेटने आणून पाहिलं. गार्डने काठी आडवी धरली.

"आ कोण छे?"

"माझी सासू."

"पास छे?"

म्हातारीने गार्डकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू कोना पोऱ्या रे? बाप काय करस तुना?" मागे उभी मुलं-मुली हसली. एकाने फोन काढला. रुक्मिणीने सासूला मागे फिरवलं, घरी नेलं, बाहेरून कडी घातली, आणि त्या दिवशीची हजेरी गेली ती गेलीच.

अमृता एकदा तिला शोधत आली. चेहरा उतरलेला.

"मी लिहिलं होतं, मावशी. स्पष्ट लिहिलं होतं. फटीच्या जागी लहान दरवाजा करा, मोटरघर दुरुस्त करून कामगारांना विसाव्याला द्या, म्हाताऱ्या माणसांची सोय करा. तुमचा नकाशा पहिल्या पानावर लावला होता मी."

"मग?"

"त्यांनी निम्मं घेतलं."

"कोणतं निम्मं?"

अमृताने चपलेच्या टोकाने माती उकरली. मग म्हणाली, "तुमची आठवण तरी राहील असं मी करणार आहे. त्या नव्या भिंतीवर तुमचा नकाशा रंगवायचा. मोठा. पर्यावरण दिनाला उद्घाटन. पहिली रेघ तुमच्याच हातची हवी."

रुक्मिणी नाही म्हणू शकली असती. पण नाही म्हणणारी बाई ठेक्याच्या कामावर टिकत नाही, आणि भाईदास तिथेच उभा होता.

मे महिन्याचं ऊन. सुट्टीत थांबलेली काही मुलं रंग कालवत होती. रुक्मिणीला साडीवरून निळं अ‍ॅप्रन बांधलं, हातात ब्रश दिला. भिंत तीच, छिंडी बुजवलेली, कारण सगळ्या कंपाउंडात तेवढाच तुकडा गुळगुळीत होता. अमृता फोन धरून उभी होती. रुक्मिणीने नवागामपासून सुरुवात केली. ब्रशला रांगोळीची सर नव्हती, पण हात बसला. नहेर झाला. वळण झालं. रेघ आत शिरली, मेसकडे निघाली.

तिकडे नवागामात म्हातारी सकाळपासून दार बडवत होती. प्रमिलाबाईच्या घरी पाहुणे बसले होते. ती तणतणत खाली आली आणि तिने कडी काढली. नंतर ती सगळ्यांना सांगत असे, "मी काय तिले हाकली दिन्ही का? दार उघाडं, इतलंच. माणूस शे, कोंडीसन कितलं ठेवशात?"

म्हातारी निघाली. लाइनीकडे गेली नाही. जिथे रोज हात धरून नेलं होतं तिथेच गेली. डोक्यातून माणसं गेली, नावं गेली, पण पायांतून तो रस्ता गेला नव्हता. नहेराच्या कडेने आली, वळली, आणि छिंडीपाशी आली तर भिंत.

ती भिंतीवर हात आपटू लागली.

आत भिंत थोडी थडथडली. रंगवणाऱ्या पोरांना वाटलं, पलीकडे काही काम चाललंय. रुक्मिणी रेघ ओढत होती. मग आवाज आला, विटांतून गाळून यावा तसा बारीक.

"रुखमे! दार उघाड!"

मोटरघर अजून वीतभर लांब होतं. रुक्मिणीचा हात भिंतीवरून सुटला.

"मावशी, काय झालं? रेघ..." अमृता म्हणाली.

रुक्मिणी धावत सुटली होती. वर काटेरी तार, भिंत पुरुषभर उंचीहून जास्त. पलीकडे सासू, मध्ये नऊ इंचांची वीट, आणि जायला रस्ता मेन गेटने. हॉस्टेल मागे टाकलं, ग्रंथालय, दोन्ही बाजूंना नवी लावलेली रोपं, सायकलींचा नवा रस्ता. गेटवर गार्डने अडवलं.

"बेन, एप्रन तो जमा करावो. विद्यापीठनुं छे."

मागच्या गाठीपर्यंत तिचा हात पोचेना. गार्डने सावकाश सोडून दिली, घडी घातली, रजिस्टर पुढे केलं. ती अंगठा उठवून पळाली.

भिंतीच्या बाहेरच्या अंगाला सावलीचं झाड नव्हतं. सगळी झाडं आराखड्यात आतल्या बाजूला होती. म्हातारी भिंतीला पाठ लावून उन्हात बसली होती, पदर डोक्यावर नीट घेतलेला. तळवे सोलून लाल झालेले, त्यांवर गिलाव्याची पांढरी भुकटी. रुक्मिणीने तिचं डोकं मांडीवर घेतलं, बाटलीतलं पाणी ओठांना लावलं. ते गळ्यावरून खाली वाहून गेलं.

म्हातारीने डोळे उघडले. सून ओळखू आली.

"कितला येळ लाया वं, रुखमे," ती म्हणाली.

रिक्षात ती परत बोलली नाही. सरकारी दवाखान्यात स्ट्रेचर मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. रुक्मिणी बाकावर बसून राहिली. वीस-पंचवीस वर्षं जिने आपल्याला झोडलं तिच्यासाठी रडू कसं यावं हे तिला कळत नव्हतं, आणि न रडल्याचं पाप कुणाला लागतं तेही. तिने हात जोडले, पण देवीजवळ काय मागायचं ते आठवेना. बोटांना निळा रंग होता.

दिवस-तेरावं झालं. मुलगी आली, रडली, गेली. प्रमिलाबाईने खोली सोडायचा विषय परत काढला नाही. आता आवाज नव्हता. रुक्मिणी मेन गेटने वळसा घालून कामावर आली. बायकांनी पारावर जागा दिली, उज्ज्वलाने स्वतःच्या डब्यातली भाजी तिच्या भाकरीवर ठेवली.

पर्यावरण दिनाच्या सकाळी भाईदासने तिला त्या भिंतीपुढची जागा झाडायला लावली. पाहुणे यायचे होते. तिने वर पाहिलं. भिंत रंगून गेली होती. तिची रेघ जिथे सुटली होती तिथून कुणीतरी ती पुढे नेली होती, फोनमधल्या फोटोवरून, हुबेहूब. शेवटी चौकोन. चौकोनात दोन पावलं, लाल.

अमृता बाजूला उभी होती. डोळे सुजलेले. "मुलांनी पुरी केली, मावशी," ती हळू म्हणाली. "अर्धी कशी ठेवायची म्हणून."

"बरं केलं," रुक्मिणी म्हणाली.

भाषण झालं. मोठे साहेब म्हणाले, की हा आराखडा कामगार भगिनींच्या पावलांतून उमटला आहे. टाळ्या झाल्या. रुक्मिणीला शाल आणि एक रोप दिलं, भिंतीजवळ उभं केलं, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला पाहुणे. फोटोवाल्याने डोळ्याला कॅमेरा लावला, काढला, हाताने इशारा केला.

"बाई, थोडं बाजूला व्हा ना. पावलं झाकली जातात."

रुक्मिणी बाजूला झाली.